तिरक्या डोक्याचा रेझर

पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मनीतल्या झोलिंगेनच्या बसमध्ये माझ्या पुढे एक म्हातारं जोडपं बसलं होतं. म्हाताऱ्याच्या गालावर कापसाचा तुकडा चिकटवलेला होता.

"एवाल्ड, मी दिलेल्या नव्या रेझरनं कापलं?"

"त्याचं डोकं तिरकं होतं, इर्मगार्ड. व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून सरळ केलं."

"सरळ केलंस?"

"चाळीस वर्षं पाती घासली. खोट लगेच दिसते मला."

"अरे, तो तिरकाच असतो. तिरकं पातं अलगद कापतं. तुझी कातडी नाजूक झालीय म्हणून आणला."

"आधी सांगायचंस."

"झोलिंगेनच्या कारागिराला मी रेझर शिकवू?"

"परत तिरका करतो."

"हात लावू नकोस. रविवारी लग्नाची पन्नाशी, फोटोत हा गाल दिसणार."

"त्या बाजूला तू उभी राहा. गालाला गाल लावून."

"लग्नाच्या फोटोत तर हातभर लांब उभा होतास."

"तेव्हा कापलं नव्हतं."