आकडा बाहेर ठेवून आत जाणारा माणूस

सिद्रामअण्णांच्या शोकसभेला जमलेल्या सर्वांना नमस्कार. काकू, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून मी कागदाकडे बघून बोलतो. तुमच्याकडे बघितलं तर मला बोलता येणार नाही.

मागच्या सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी टाकीखालच्या खड्ड्यात उतरून पाणी सोडायची चावी फिरवत होतो. खालच्या भागाला पाचव्या दिवशी पाणी येणार होतं. चावी पूर्ण उघडायला बत्तीस फेरे लागतात. एकोणिसाव्या फेऱ्याला फोन आला. सिद्रामअण्णा गेले. मी उरलेले तेरा फेरे पूर्ण केले आणि मग वर आलो. अर्ध्यावर चावी सोडायची नाही, हे अण्णांनीच शिकवलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अण्णा पाणीपुरवठ्यात चावीवाले होते आणि आपल्या युनियनचे सरचिटणीस होते. पगारवाढीच्या बोलणीला पालिकेत दर वेळी तेच आत जायचे. मी त्यांच्या हाताखाली रोजंदारीवर आहे. शाळा नववीपर्यंत झाली. पण अक्षर बरं आहे, लिहिताना चुकत नाही, म्हणून युनियनचे अर्ज मी लिहितो.

अण्णांची एक रीत होती. ज्याच्या खाली जायचं नाही तो आकडा आणि ती अट, बोलणीच्या आधी ते माझ्याकडून कागदावर लिहून घ्यायचे. खाली सही करायचे. पाकीट खळीनं चिकटवायचं. ते आत जायचे आणि पाकीट घेऊन मी बाहेर पायऱ्यांवर बसायचो. बोलणी संपली की सगळ्यांसमोर फोडायचं. अण्णा खाली उतरले की नाही, ते सगळ्यांनी बघायचं.

मी एकदा विचारलं, अण्णा, हे कशाला? तर म्हणाले, "आत एसी हाय, बिस्किटं हायती, सायब लई गोड बोलत्यात. मानूस आत गेला की आकडा पातळ हुतो. म्हणून मी आकडा भाईर ठिवून जातो."

लेखा विभागाचे साहेब हसले. साहेब, तुमच्याशी भांडून आले की अण्णा म्हणायचे, "मानूस चांगला हाय, तिजोरी वाईट हाय."

जाण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, अण्णांनी या वेळचा कागद लिहून घेतला. लिहिताना मी एक प्रश्न विचारला. तो प्रश्न इथे सांगता येत नाही. प्रश्नावरून उत्तर कळेल, आणि समोरची बाजूही इथे बसली आहे. अण्णा एवढंच म्हणाले, "तू ल्हे की. डोकं माझं हाय, हात तुझा." पाकीट चिकटवलं. सकाळी अण्णा नव्हते.

बोलणी परवा आहेत, बुधवारी अकरा वाजता. पुढे ढकला म्हणून आपण विचारलं. पण त्यानंतर अंदाजपत्रक सभेपुढे जातं, मग वर्षभर काही नाही.

काल आपल्या युनियनचे अध्यक्ष म्हमाणे मला म्हणाले, "आकडा तुलाच माहीत. आत तूच जा." मी म्हणालो, पाकीट फोडा आणि दुसऱ्याला पाठवा. ते म्हणाले, "फोडलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या सोलापुराला कळेल." खरं आहे.

शकुंतलाबाई, तुम्ही सफाई खात्यातल्या, अण्णांच्या जुन्या सहकारी. तुम्ही गेटवर सगळ्यांसमोर म्हणालात, "ह्यो रोजंदारीवाला. सायबानं कायमची ऑर्डर दाखिवली की आमची पगारवाढ इकून येईल." मला राग आला नाही, बाई. मी घरी जाऊन तोच विचार केला. सहा वर्षं मी त्या ऑर्डरची वाट बघतोय. तो कागद माझ्यापुढे कुणी ठेवला तर मी काय करीन, हे मला खरंच माहीत नाही.

पाकिटात रोजंदारीवाल्यांचं काही आहे का, असं मला तिघांनी विचारलं. हो म्हटलं तर मी स्वतःसाठी लिहिलं असं होतं. नाही म्हटलं तर आमचेच लोक अण्णांना नावं ठेवतील. गप्प बसलो की माझं तोंड बघतात. अण्णा मला कधीच आत नेत नसत. म्हणायचे, "तुझ्या तोंडावर आकडा वाचता येतो रे." आता तेच तोंड घेऊन मला आत बसायचं आहे. अण्णा, लिहायला मला येत होतं. तोंड कसं ठेवायचं, ते शिकवायचं तुमचं राहून गेलं.

मी आठवडाभर हे पाकीट शर्टाच्या आत घेऊन फिरतोय. जेवतानासुद्धा. आज ते काढून अण्णांच्या फोटोपुढे ठेवतो. सगळ्यांनी बघून घ्या, बंद आहे.

आता आपण दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहू. साहेब, तुम्हीसुद्धा. अध्यक्ष, तुम्हीसुद्धा. मीही मिटणार आहे. मी आत जाऊ नये असं ज्याला वाटतं, त्यानं तेवढ्यात पाकीट उचलावं, कुणी बघणार नाही. डोळे उघडल्यावर पाकीट तिथेच आणि असंच बंद असलं, तर शकुंतलाबाई, ते तुम्ही उचला. बुधवारी पायऱ्यांवर तुम्ही बसा. माझ्यावर सगळ्यांत कमी विश्वास तुमचा आहे, म्हणून तुम्हीच. मी आत जाईन. बाहेर आलो की पाकीट तुम्ही फोडा. वाचता येत नसलं तर शेजारच्याकडून वाचून घ्या, माझ्याकडून नको.

आणि डोळे उघडल्यावर ते तिथे नसलं, तर मला काही विचारू नका. मी जाणार नाही.

उठू या. अण्णा, नमस्कार. डोळे मिटा.