साडूचा होडीतला फ्रिज

मंचरला माझं जुन्या फ्रिजच्या सामानाचं दुकान आहे, तेव्हा अर्धवट शहाणी गिऱ्हाईकं मी पुष्कळ पाहिलीत. पण आमच्या साडूची सर कुणाला नाही.

तो डिंभ्याच्या धरणात होडीतून मासे धरतो. बाजारात पोचेपर्यंत मासा मऊ पडतो आणि मातीमोल जातो, हे त्याचं दुखणं. मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि भंगारातला कॉम्प्रेसर, ट्रकची बॅटरी, इन्व्हर्टर, थर्माकोलची पेटी घेऊन हा गडी होडीतच फ्रिज बांधायला बसला.

मी म्हणालो, "पावणं, ओलं पोतं टाका की माशावर. सगळे तेच करत्यात."

"तुमी दुकानच चालवा. माझा मासा बाजारात लई ताठ दिसंल."

फ्रिज चालला, हे मान्य करावं लागेल. पहाटेचा मासा घोडेगावच्या बाजारात गारेगार उतरला. पहिल्याच बाईनं बोट लावलं आणि हात मागं घेतला. "बर्फातला हाय. मुंबईचा शिळा माल."

"मावशी, आजचाच हाय, धरणातला."

"मग एवढा गार कसा?"

आपल्याकडं गार मासा म्हणजे शिळा, एवढंही याला सुचलं नव्हतं. शेजारच्याचा ओल्या पोत्यातला मऊ माल हातोहात गेला आणि आमचा शास्त्रज्ञ दुपारपर्यंत बायकांना कॉम्प्रेसर समजावत बसला.

शेवटी सगळा मासा घरी आणला. आमच्या मेहुणीनं एक उचलून दाबून बघितला आणि नवऱ्याला विचारलं, "आज पाण्यात गेलाच न्हाई व्हय? इकतचा मासा कशाला आणला?"