बक्षिसाची पानपोई

नाई नाई मॅडम, त्या लहान्या माठाले हात नोका लावू. ह्या रांजनातलं देतो ना मी, धरा ओंजळ. बाटली मंग भरून देतो — आधी पोटात जाऊ द्या, अकोल्याहून जीपमंधी आल्या तुमी, तोंड पाहा कसं लाल झालं. प्या आरामात, मी खाली पाहतो... झालं? आनखी? हाव, थंडच आहे, ओलं पोतं गुंडाळलं ना रांजनाले म्हनून. लहान्या माठातलं याच्याहून थंड आहे, पन ते नाई. ते कोनालेच नाई देत. जाऊ द्या ते. तुमी विचारा तुमचं. काय मोजाले आल्या म्हने तुमी?

परिणाम. बरं. म्हंजे त्या अमरावतीच्या संस्थेनं फोटोची स्पर्धा ठेवली होती — गावोगावी फुकटात सेवा करनारे जे लोक असतेत त्याईचे फोटो काढा, पहिला नंबर येईन त्याले बक्षीस, अन् फोटोत जो असन त्याचा सत्कार — ते स्पर्धा ना? तीन उन्हाळे झाले त्याले. अन् आता संस्थेनं तुमाले धाडलं, की जाऊन पाहा, त्या स्पर्धेनं खरंच काही झालं का नुसतेच फोटो झाले. चांगलं आहे. एवडं कोन पाहते आजकाल? तुमी पाहून राहिल्या, म्हनून सांगतो. नाई तं मले काही गरज नाई सांगाची. मी घड्याळवाला मानूस. ते समोर बंद शटर दिसते ना — 'गजेंद्र वॉच अन् रिमोट रिपेरिंग' — ते माहं दुकान. दुपारी बंद असते. काहून बंद असते? तोच तं परिणाम मॅडम, लिहा.

हा ब्यानर पाहा. थोडा उडाला उन्हानं, पन मानूस ओळखू येते. हाव, मीच. 'तहानलेल्यांचा आधार — गजेंद्र यांची पाणपोई, दर्यापूर'. संस्थेनंच बांधला, नायलॉनच्या दोरीनं बांधला, सुटत नाई. फोटो चांगला आहे, मी कोन नावं ठेवनारा — ओगराळ्यातून पडनारी धार, त्या बुढीची ओंजळ, पान्यावर ऊन चमकून राहिलं, अन् मी वाकून तिच्या तोंडाकडं पाहून राहिलो. त्या पाहन्यालेच बक्षीस आहे म्हने. जज लोकाईनं सांगतलं, 'नजरेतली करुणा'. करुणा कायची आली मॅडम? ऊन जाऊन राहिलं होतं डोळ्यात. अन् मी त्या बुढीले म्हनून राहिलो होतो — माय, सांडू नोको, पाय घसरन एखाद्याचा. ते फोटोत ऐकू येत नाई.

अन् मेन गोष्ट म्हंजे पानपोई माही नोतीच. नत्थुजीभाऊची होती. तुमच्या कागदावर हे नाव आहे का? नाई ना. नसनच. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले, घरी बसवेना, तं स्टँडवरच्या ह्या लिंबाखाली रांजन मांडले. दरसाल गुढीपाडवा झाला का रांजन धुवाचे, पहिला पाऊस पडला का उचलाचे. मी तं गिऱ्हाईक त्याईचा. रोज दुपारी समोरून ये, पानी पे, घडीभर बस, गोष्टी कर. फोटोच्या दिवशी नत्थुजीनं म्हतलं, 'गजू, धर हे ओगराळं जराकसं, आलोच' — अन् स्टँडच्या मागं गेले, लघवीले. तेवढ्यात ते बुढी आली. तेवढ्यातच ते अमरावतीची पोरगी, प्रणाली, कॅमेरा गळ्यात घालून जीपची वाट पाहत उभी होती. नत्थुजी पैजाम्याची नाडी बांधत परत येईस्तोवर मी सेवा करून मोकळा झालो होतो. ओगराळं त्याईच्या हाती देलं, दुकानात गेलो. एवडी माही सेवा. बाकी सारं फोटोनं केलं.

तुमाले वाटन, मंग तेव्हाच सांगाचं ना. सांगतलं की मॅडम! त्या पोरीचा फोन आला तेव्हा सांगतलं — बाई, मी तो नाई, तो दुसरा. तं म्हने, 'काका, तुम्ही किती साधे आहात'. अमरावतीले मोठ्या हॉलमंधी सत्कार होता, म्हतलं तिथं सांगू, सगळ्याईच्या समोर. नत्थुजीले संगं घेऊन गेलो मी. भाऊनं कडक इस्त्रीचा सदरा घातला, अत्तरबी लावलं होतं थोडंसं. त्याईले तिसऱ्या रांगेत बसोलं, अन् मी स्टेजवर माइक धरून म्हतलं, 'ही पानपोई माही नाई, नत्थुजीची आहे, ते बसले पाहा तिथं.' तं टाळ्या. मले वाटलं, नत्थुजीसाठी आहेत. कायची! अध्यक्ष उठून माइकवर म्हनतेत, 'पाहा, श्रेय घ्यायलाही हा माणूस तयार नाही.' मी म्हतलं, अहो खरंच नाई ना. आनखी टाळ्या. तिसऱ्यांदा म्हतलं तं पहिल्या रांगेतली एक बाई रुमाल काढून रडाले लागली. मंग मी माइक ठेवून देला. काय करता? जितकं खरं सांगाव तितका मी मोठा होऊन राहिलो होतो. शाल देली, नारळ देला, अन् एक बाटली देली स्टीलची. पानी पाजनाऱ्याले बाटली. नत्थुजीले जेवनाचा पास देला, 'पाहुण्यांसोबत आलेले' म्हनून.

येताना बसमंधी भाऊनं मले खिडकीची शीट देली. म्हने, 'बस गजू, आज तुहा दिवस आहे.' रागानं नाई म्हतलं बरं. रागानं म्हतलं असतं तं मी भांडलो असतो, भांडलो असतो तं दुसऱ्या दिवशी चहा पेऊन मिटलं असतं. वलगाव येईस्तोवर ते बाहेर पाहून राहिले, मी शालीची घडी घालून राहिलो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडाले आलो तं शटरच्या कडीले हे ओगराळं टांगलेलं. बस. तेवढंच. अन् पंधरवड्यात संस्थेचे पोरं येऊन माह्या नावाचा ब्यानर बांधून गेले.

आता तुमीच सांगा, मी काय कराव? रांजन कोरडे ठेवले तं स्टँडवरचे लोक म्हनतीन, पाह्य, बक्षीस भेटलं अन् पानपोई बंद केली लेकाच्यानं. दोन दिवस म्हतलंही. मंग भरले. म्हतलं, नत्थुजी येईस्तोवर भरू. ते येईस्तोवर, येईस्तोवर, करता करता हा तिसरा उन्हाळा. बायको म्हनते, 'घरात कधी कोनाले गिलास उचलून देला नाई, अन् चालला गावाले पानी पाजाले.' खरंच म्हनते. घड्याळाचे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाऊन राहिले. पन तुमी तं सेवेचं मोजून राहिल्या, दुकानाचं नोका लिहू.

काय? एक ते पाच मंधी सांगू, किती समाधान झालं? तीन लिहा. तीन लिहिलं का कोनी काही विचारत नाई.

बेरीज तुमीच करा मॅडम. तुमच्या स्पर्धेनं एक सेवक वाढला — हा उभा आहे तुमच्यासमोर. अन् एक कमी झाला. तो कुठी आहे? वळून नोका पाहू एकदम. हळूच पाहा — मेडिकलसमोरच्या बाकड्यावर, पांढरी टोपी, हातात प्लास्टिकची बाटली. तेच नत्थुजी. हाव, रोज येतेत. घरून बाटली भरून आनतेत अन् तिथं बसतेत, ऊन उतरेपर्यंत. ते बाटली घडीभरात तापते, चहाच करून घ्याव त्यातून. तेच पेतेत. तेवढं तापलेलं पानी पेतेत, पन माह्या हातचं नाई पेत. बोलनं बंद नाई बरं. रस्त्यात भेटले तं 'काय गजू, बरा आहेस?' म्हनतेत. 'भाऊ, या ना पानी प्याले' म्हतलं का बाटली वर करून दाखवतेत. आहे म्हनतेत. मी म्हतलं, तुमची पानपोई तुमी घ्या वापस. तं म्हने, 'आता लोकाईले तुह्या हातची सवय झाली.' अशी झाली गोष्ट. तुमी म्हनसान, एवडं काय त्याच्यात. मले तं त्याच्यातच सारं आहे. हा मानूस ज्या दिवशी माह्या हातचं पानी पेईन, त्या दिवशी मले पाच लिहाले सांगा, मी पाच लिहितो.

आनखी एक सांगतो, हे लिहू नोका, हे ऐकून घ्या. नत्थुजीनं मले एक वेळा म्हतलं होतं, ह्याच्याही आधी, मी नुसता पानी प्याले येत होतो तेव्हा. 'गजू, पाजनाऱ्यानं ओंजळीकडं पाहाव. तोंडाकडं नाई. तहानलेला मानूस पानी पेताना कसाबी दिसते — पान्याचे ओघळ गळ्यावर, डोळे मिटलेले — त्याले वाटते आपल्याले कोनी पाहू नोय. तं आपन नाई पाहाव.' अन् खरंच ते कधी मान वर करत नोते. खाली ओंजळ, वरून धार, ओंजळ हटली का धार बंद. पेनारा कोन होता, बाई होती का मानूस, वळखीचा होता का परका, विचारा — नत्थुजीले सांगता ये नाई. आता त्याईचा फोटो काढला असता तं काय आलं असतं? टक्कल आलं असतं मॅडम, सावलीत टोपी काढून ठेवत ना ते. टकलाले कोन देते पहिला नंबर? अन् माह्या फोटोत मी बुढीच्या तोंडाकडं टक लावून पाहून राहिलो. जे करू नोय तेच केलं, अन् तेच टांगलं इथं लिंबाले. ते बाकड्यावरून रोज पाहतेत तो फोटो. दुसरं दिसतच नाई ना त्या बाकड्यावरून. म्हनून मी आता कोनाच्याच तोंडाकडं नाई पाहत. त्याईले तिथून दिसत असन का नाई, माहीत नाई. दिसत असनच. म्हनून मी जरा ह्या अंगानं उभा राहतो, आडवा — माही खाली घातलेली मान तिकडून दिसाव.

लहाना माठ? तुमी काही सोडत नाई मॅडम. तो त्याईचाच आहे. जुना. रोज सकाऊन धुतो, ताजं भरतो, वाळ्याची जुडी टाकतो आत — भाऊले वाळ्याचा वास आवडते. संध्याकाळी लिंबाच्या मुळात रिकामा करतो. बायकोले नाई सांगतलं हे, नाई तं म्हनन, पान्याची नासाडी. काय करता, मले करमत नाई त्याईच्याबिगर. समोरासमोर असून करमत नाई. लिहू नोका म्हतलं ना, बोटं काहून चालवून राहिल्या त्या फोनवर?

घ्या, अंजनगावची गाडी आली. आता गर्दी होईन, तुमी सावलीत सरका. धर माय ओंजळ... या दादा... बस, झालं?... मॅडम, तिकडं पाहा बरं जराकसं. ते बाई उतरली ना, कडेवर लेकरू घेऊन, बाकड्यावर जाऊन बसली — पाहा, भाऊनं बाटली देली तिले. पाहा, कसे खाली मान घालून बसले. तिच्याकडं पाहून नाई राहिले. पाहून नाई राहिले ना? सवय नाई जात. लेकराले पाजलं, सोता पेली... सारी पेली बाईनं. उलटी केली बाटली. आता काय करतीन भाऊ? ऊन पाहा कसं, घर पार गावाच्या त्या टोकाले. मेडिकलमधून घेतीन विकत. नाई, ते पानी विकत नाई घेत. घेनार नाई ते.

उठले.

बाटली तिथंच ठेवली बाकड्यावर... दादा, थांबा थोडं, घडीभर थांबा, मंग देतो तुमाले. मॅडम, तुमीबी सरका, त्या माठावरचं झाकन काढू द्या मले. रस्ता वलांडून राहिले. इकडंच येऊन राहिले का, का जीपकडं? माही मान खाली आहे, तुमी सांगा... नाई, नोका सांगू.

मॅडम, तो फोन खाली करा. खाली करा म्हतलं ना. फोटो नाई. तिकडं पाहा, गाडीकडं पाहा, कुठीबी पाहा, इकडं नोका पाहू.

या भाऊ. धरा.