पिना घालायच्या राहिल्या

"हॅलो?… हॅलो, कोण?… कागलहून? जरा मोठ्यानं बोला, तारेत खरखर हाय… हंबीरदादा, तुमी व्हय. बोला, निसारच बोलतोय."

निसार मिस्त्रीनं तेलकट हात धोतराला पुसला आणि फोन कानाशी घट्ट दाबला. शाहू महाराजांच्या कारकिर्दीतली ती शेवटची वर्षं. कोल्हापुरात मोटारी मोजक्या आणि टेलिफोन त्याहून मोजके. ज्या जहागीरदारांच्या पदरी निसार होता त्यांच्याकडं दोन्ही होतं. निसारचा बाप, महंमद, त्याच वाड्यावर घोडी सांभाळायचा. तबेला मोडून मोटारीची खोली झाली आणि खरारा जाऊन पोराच्या हातात पाना आला. फोन मात्र कारभारी गणपतरावांच्या खोलीत, भिंतीला. गणपतरावांनीच त्याला हाक मारून आणलं होतं आणि आता ते हातभर अंतरावर उभे होते.

"कुनाचा हात?… जोतीरामचा? चरकात… ऊस सारताना… पंजा सगळा? मनगटाच्या वरपतूर… या अल्ला. रक्त थांबलंय का?… दंडाला पटका आवळलाय, बरं केलंसा. कुनी धरलाय?… तानाबाईवैनी हायत संगं. मग तितं का थांबलासा, दादा?… व्हय, कागलच्या डॉक्टरानं तसंच सांगायचं. त्यो तरी काय करणार? दीड तासात कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात न्या म्हणाला न्हवं? मग निघा की… काय?… स्टेरिंग?"

हंबीरराव सरकारांचे, म्हणजे जहागीरदारांचे, ड्रायव्हर. सकाळी ते कागलपलीकडच्या मळ्यावर गुळाची ढेप आणायला गेले होते आणि ढेपेऐवजी तिथला गडी जोतीराम आणि त्याची बायको तानाबाई यांना घेऊन निघाले. गाडी अकरा वर्षांची. कागलपर्यंत कशीबशी आली, आणि तिथं ती वळणावर ओढ्यात जाता जाता राहिली.

"हळू सांगा… चाक आधी हातात मोकळंच फिरतंय. मग एकदम गाडी झोकांडी खाती… आवाज? खट्ट असा? वळताना का खड्ड्यात?… दोनी वेळंला. कवापासनं?… आज सकाळपासनंच… बैलगाडी नको, दादा. बैलगाडीला दुपार टळंल. गाडी कुटं उभी हाय?… कचेरीच्या दारातच? मग ऐका. फोन टेबलावर तसाच ठेवा, तोडू देऊ नका. चाक दोनी हातांनी धरा आणि फिरवू नका. नुसतं वर-खाली हलवा. चाक एकटंच हलतंय का चाकासकट आख्खा दांडा हलतोय, एवढंच बगून या."

तिकडून पावलांचा आवाज लांब गेला. मग नुसती खरखर, आणि तिच्या पलीकडं माणसांचा गलका. निसार मनात एकेक गोष्ट बाजूला काढत होता. चाक दांड्यावर सैल असेल तर एकटं चाक हलेल. पुढच्या चाकांचे सांधे झिजले असतील तर दांडा हलणार नाही. आणि दांडाच हलत असेल तर…

"हॅलो, बोला… आख्खा दांडा. वरचा पट्टा बगितलासा? समोरच्या फळीला दांडा धरणारा?… घट्ट हाय. म्हंजे खालनं हलतोय. आता एका माणसाला आत बसवा. तुमी उजव्या अंगाला, गाडीखाली वाका. दांडा जितं संपतोय तितं लोखंडाची पेटी हाय, नारळाएवढी. चाक फिरवलं की ती जाग्यावर ऱ्हाती का डुलती?… व्हय, जावा. थांबलोय मी."

ती पेटी आठ दिवसांपूर्वी त्यानंच उतरवली होती. आतली झिजलेली बुश, म्हणजे पितळी कडी, बदलली, पेटी परत चढवली, तिन्ही बोल्टांचे नट आवळले. नट फिरून निघू नये म्हणून बोल्टाच्या भोकातून पिन घालायची असते. पिना संपल्या होत्या. सरकारांना तीन वाजता बाहेर पडायचं होतं. उद्या घालू, म्हणून त्यानं गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी गाडी मळ्यावर गेली, तिसऱ्या दिवशी त्याच्या मुलीला, इमामबीला, ताप आला, आणि मग ती गोष्ट डोक्यातून गेली ती गेलीच. हंबीरराव गाडी घेताना म्हणाले होते, सगळं बघितलंस न्हवं? तो म्हणाला होता, व्हय.

"हॅलो… डुलती. बोल्ट किती दिसत्यात?… दोनच. तिसरं भोक मोकळं… व्हय, गाडी जुनी हायच… रस्ताबी तसलाच…"

तो थांबला. हंबीररावांनी आपणहून त्याला वाट काढून दिली होती. जुनी गाडी, खडकाळ रस्ता, बोल्ट पडला. कुणाला काही विचारायचं कारण नव्हतं. गणपतराव त्याच्या तोंडाकडं बघत होते. इथं बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत सरकारांच्या कानावर जाणार, आणि बापापासूनची भाकरी तिथंच संपणार. पण न बोलावं तर हंबीरराव दोन नट आवळतील आणि गाडी हाणतील. वाटेतल्या कणेरीच्या अलीकडंच ते नट पुन्हा सुटतील.

"दादा, ऐका. गाडीचा दोष न्हाय. रस्त्याचाबी न्हाय. त्या बोल्टास्नी पिना न्हाईत. मी घातल्या न्हाईत."

खरखर.

"हॅलो?… दादा, हाय का?… हॅलो?… व्हय. तुमी इचारलंतं. मी व्हय म्हणलोतो. खोटं बोललो… द्या, शिव्या द्या. खाली मान घालून ऐकतो, पर उद्या. आता पाना घ्या हातात."

गणपतराव खुर्चीत बसले.

"गाडीला चढायची पायरी हाय बगा, उजवीकडची. तिच्या मागल्या पट्टीला दोन बोल्ट हायत, त्याच जाडीचं. एक काढा, आणि दुसऱ्याचा नुसता नट. पायरी लोंबंल, दोरीनं बांधा. त्यो बोल्ट मोकळ्या भोकात घाला. त्येला पिनचं भोक न्हाय, म्हणून पायरीचं दोनी नट त्येच्यावर चढवा. एकावर एक. पयला घट्ट करा, मग त्येच्यावर दुसरा आवळा. दुसऱ्यानं पयला धरून ठेवायचा… व्हय, तसं. बाकीच्या दोन बोल्टांचं नट आवळा आणि त्यांत तार घाला… तार न्हाय? खिळा?… दादा, वैनींच्या खोप्यात आकडं असतील. दोन आकडं मागून घ्या. बोल्टाच्या भोकातनं घाला आणि टोकं दोनीकडं वाकवा. त्यांनी पटक्यावरचा हात सोडायचा न्हाय म्हणावं, आकडं तुमीच काढा. जावा."

यावेळी वेळ लागला. भिंतीवरच्या घड्याळात सोळा मिनिटं गेली. मधे टेलिफोन केंद्रावरच्या माणसानं विचारलं, बोलणं संपलं का? निसारनं त्याला हात जोडल्यासारखं सांगितलं, "न्हाय साहेब, तोडू नका. माणूस हाय पलीकडं." त्याच्या डोळ्यांसमोर गाडीची खालची बाजू उभी होती, प्रत्येक नट जागच्या जागी.

"हॅलो… घातला? आकडं वाकवलं?… आता परत चाक फिरवून बगा कुनाकडनं तरी… पेटी?… अजिबात न्हाय? खट्ट?… त्योबी न्हाय. जोतीराम कसा हाय?… बोलतोय?… पानी मागतोय. घोटभर द्या, जास्त न्हाय."

मग हंबीररावांनी तो प्रश्न विचारला, गाडी चालवू का? तो येणार हे निसारला माहीत होतं. ज्याच्या हातानं हे झालं, त्यालाच आता हो म्हणायचं होतं. ती गाडी त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली नव्हती.

"…चालवा, दादा. पर सांभाळून. बैल पळतोय त्येच्याहून जरा जास्त, एवढंच. दर दोन मैलांनी उतरून नटाला हात लावा. हलला तर तितंच थांबा. मी सायकलीवरनं तुमच्याकडं यायला लागलोय, पिना आणि पानं घेऊन. रस्त्यात गाठतो… व्हय, निघा."

त्यानं फोन अडकवला. गणपतरावांनी आपली सायकल दाराशी आणून ठेवली होती.

चार वाजता त्याच खोलीत पुन्हा घंटी वाजली, आणि यावेळी फोन गणपतरावांनी उचलला. बोलणारा निसारच होता, थोरल्या दवाखान्याच्या कचेरीतून.

"हॅलो?… गणपतराव, निसार बोलतोय… गोकुळ शिरगावाजवळ गाठली. नट हललं नव्हतं. तितंच पिना घातल्या आणि मग हंबीरदादांनी गाडी पळीवली… व्हय, आत घेतलंय. जगंल म्हणाले… हात न्हाय ऱ्हायला. कोपरापासनं काढला."

"मी इचारलं डॉक्टरास्नी. तासभर आदी आलो असतो तर?… पंजा गेलाच हुता म्हणाले. पर मनगटापासनं भागलं असतं, कदाचित. नक्की न्हाय सांगता येत म्हणाले… व्हय, वैनींना सांगितलं. समदं. पिनांचं पन… लई येळ बगत ऱ्हायल्या माझ्याकडं. मग म्हणाल्या, पानी आण. आणून दिलं."

गणपतराव काहीतरी सांगत होते, हळू आवाजात, बराच वेळ. निसार ऐकत राहिला.

"न्हाय, गणपतराव. बोल्ट पडला असं नका सांगू. तुमच्या मनात माझ्याबद्दल हाय ते समजतंय मला. पर जे ऐकलंसा तेच सरकारास्नी सांगा… घालवलं तर घालवलं. बापाला मीच सांगन… गाडी हितंच उभी हाय, परसात. हंबीरदादा बसल्यात तिच्याजवळ, माझ्याशी बोलत न्हाईत. उद्या दिवस उजाडला की मी पेटी सगळी खोलून परत बसवणार. सरकारांनी ठेवलं तरी, काढलं तरी… आज? आज न्हाय येत. वैनी एकट्याच हायत, आणि जोतीराम शुद्धीवर आला की त्येला उचलून बसवायला कोन तरी पायजे… हाक मारत्यात बगा. ठेवतो."