पुढच्या सीटवरचं बोलणं

पंक्चरवाला : ट्यूब नवी टाकलीय, काका. आता जाणार कुठून? डावीकडे हायवे, एकदम गुळगुळीत. उजवीकडचा आतला रस्ता सावलीचा आहे, पण त्याची पार चाळण झालीय.

बायको : हायवेनंच.

नवरा : आतल्या रस्त्यानं.

पंक्चरवाला : सायकल एक आणि सीट दोन, तिथेच घोळ झालाय बघा!

बायको : हँडल माझ्या हातात आहे. म्हणजे ठरलं.

नवरा : आणि मागे पायडल काय हवेतच फिरतात?

पंक्चरवाला : काका, भांडण नको. इथून आतला रस्ता दिसतोय, एकदा बघून घ्या ना.

नवरा : तुम्हीच बघा आमच्या वतीनं. माझे डोळे गेलेत.

पंक्चरवाला : अरे देवा! गॉगल बघून मला वाटलं, साहेब शौकीन दिसतात. चुकलं, काका.

नवरा : शौकीन आहेच की. नाहीतर या वयात सायकलवरून लेकीकडे कोण निघालं असतं?

पंक्चरवाला : बसा, समोरून चहा सांगून येतो.

नवरा : गेला का? बिचारा ओशाळला. अगं, पण हायवेचं वेड तुला कधीपासून? मी पुढे बसायचो तेव्हा हायवेचं नाव काढलं की तोंड फुगवायचीस.

बायको : तेव्हा मी मागे होते.

नवरा : मग?

बायको : मग काही नाही. लवकर पोचू, एवढंच. नाहीतर असं करू या का, इथून बस मिळते का विचारते. सायकल टपावर टाकतील.

नवरा : बस? आता पंक्चर निघालं आणि आता बस? काल तर केवढी मजा आली! ते तळं, पाण्यात पाय सोडून बसलेली म्हातारी, तिच्या अंगावर पाणी उडवणारी म्हैस. तू सांगत होतीस आणि मला सगळं दिसत होतं.

बायको : मला नव्हतं दिसत.

नवरा : काय?

बायको : मी बघतच नाही हो, नुसती सांगत सुटते. खड्डा, दगड, कुत्रं, चढ आला, ब्रेक लावते. जरा श्वास घ्यावा तर मागून तुमचं, 'आता काय दिसतंय?' घसा बसलाय माझा. तळं मागे पडल्यावर वाटलं, आपण थोडा वेळ तिथे नुसतं उभं राहायला हवं होतं. हायवेला कडेची पट्टी सपाट असते. तिथे गप्प तरी बसता येतं.

नवरा : एवढं झालं आणि तू बोलली नाहीस?

बायको : काय बोलू? आतला रस्ता म्हटलं की तुमचा आवाज फुलतो. तो कोमेजलेला ऐकायची माझ्यात ताकद नाही.

नवरा : फुलतो कसला डोंबल! मला हायवेची भीती वाटते.

बायको : तुम्हाला? ट्रकशी शर्यत लावायचात की!

नवरा : तेव्हा ट्रक दिसायचा गं. आता मागून नुसता आवाज वाढत येतो. तो पुढे गेला हे अंगावर वारा आदळल्यावर कळतं. आणि तू गप्प झालीस की वाटतं, या सायकलवर मी एकटाच आहे. म्हणून सारखं विचारत राहतो. बघायची हौस त्यात निम्मीच.

बायको : हे तरी आधी सांगायचंत.

नवरा : पुढे बसणारीला मागच्यानं घाबरवायचं नसतं.

बायको : शहाणेच आहात. डोळे पुसायला रुमाल द्या तुमचा. माझा ग्रीसनं माखलाय.

पंक्चरवाला : चहा घ्या, काकू. अहो, काय झालं? काका, अजून भांडताय?

नवरा : संपलं. हायवेनं जातोय.

बायको : नाही. आतल्या रस्त्यानं. फक्त खड्डा आला की मी घंटी वाजवणार. बाकी एक शब्द बोलणार नाही.

नवरा : कबूल. पण मी बोललो तर चालेल ना?

बायको : बोला. प्रश्न तेवढा विचारू नका.

(आतला रस्ता. दोघं बराच वेळ सायकल चालवताहेत. घंटी वाजते, पुन्हा वाजते.)

नवरा : उजवीकडे कुणीतरी लाकूड कापतंय, ओल्या भुशाचा वास येतोय. आता सावली आली, मानेला कळली. एक गंमत सांगू? तुझे पाय फिरतात ना, ते माझ्या पायाखाली कळतात. चढाला तू जोर लावतेस तेही कळतं. इतके दिवस माझंच तोंड चालू होतं, लक्ष कुठे होतं? बाकी तू अजूनही डाव्या पायानं कामचुकारपणा करतेस.

बायको : हं.

नवरा : पाय थांबवलेस.

बायको : हो.

नवरा : खड्डा नाही, घंटी नाही वाजली.

बायको : नाही. खड्डा नाहीये.

नवरा : मग उतरू या. तू बघ सावकाश. सायकल मी धरतो.