हलाहलाची बायको

तुमच्या मंडळाच्या अंकात ल्हिवा, माझं नाव पार्वती, घरात पारू. माहेर राधानगरीच्या वरच्या अंगाला, बाप गुळव्या हुता, म्हंजे गुऱ्हाळावर काईल कवा उतरायची ते ठरवनारा मानूस, रस उकळताना नुसत्या वासावरनं सांगायचा आता उतरा, आन तवा उतरायची. आमी पाच भनी, मी चौथी, सातवीपातुर शिकले. लगीन एकोनिसाव्या वर्सी झालं, हिंदुराव पैलवानाशी. मामा म्हनत हुता पैलवानाला पोरगी देऊ नका, अंग उतरलं की घराला भार हुतो, पन बाप म्हनला मानूस शांत हाय, मान खाली घालून जेवतो, पोरीवर आवाज चढवायचा न्हाई. आन ते खरं झालं बगा. ज्या मानसाला हितं अमेरिकेत हजारो लोकांनी तोंडावर शिव्या घातल्या त्यानं घरात कवा आवाज चढवला न्हाई. हे पैलंच सांगून ठेवते, कारन पुढचं ऐकून तुमाला वाटंल कसला मानूस हुता.

तर लगीन होऊन दोन वर्सं झाली आन परदेशात कुस्त्या दाखवायला एक जथा निघाला, त्यात ह्यांची निवड झाली. चार म्हैन्यात येतो म्हनून गेले. हितं टेक्ससात गुडघा मोडला, जथा माघारी गेला, हे दवाखान्यात ऱ्हायले. मंग पत्र आलं, पारू, पाय गेला पन काम मिळालंय, तू ये. काय काम ते ल्हिलंच न्हाई. माझे कागद व्हायला दीड वर्स गेलं. विमानतळावर उतरले तर हे लांब खांबाला टेकून उभे, काळा चष्मा, जवळच येईनात. लांबनंच मान हलवली, मागनं ये म्हनून. मी पेटी वडत मागनं मागनं चालले, मनात म्हनलं झालं, ह्या मानसानं हितं दुसरी बाई केली. गाडीत बसलो, दार लावलं, आन माझा हात धरून रडाय लागले.

काम काय, तर म्यानेजर. म्यानेजर म्हंजे हापिसातला न्हवं. हितली ती कुस्ती असती न्हवं, टीव्हीवरची, आधी ठरवून केलेली, तिच्यात एक चांगला गडी असतो आन एक वाईट, आन वाईट गड्याला एक म्यानेजर असतो, त्यो रिंगच्या भाईर उभा ऱ्हातो, पंचाची पाठ वळली की काठीनं चांगल्याच्या पायात हानतो, माइकवर लोकांना वंगाळ बोलतो, आन लोकांनी त्याचा राग राग करायचा, त्यासाठीच ते तिकीट काढून येत्यात. खेळाचा जो मालक हुता, जिम म्हनून, त्यानं ह्यांना दवाखान्यात बगितलं. तो म्हनला तुला कुस्ती जमायची न्हाई आता, पन तुझे डोळे आन तुझा आवाज लई कामाचा हाय. तुमच्या भाषेत विषाला काय म्हंत्यात? हे म्हनाले हलाहल. झालं, महाराजा हलाहल. त्या लोकांच्या तोंडात बसंना, ते म्हनायचे हालाहाला. सगळा हॉल एका सुरात, हालाहाला गो होम, हालाहाला गो होम. मी पैल्यांदा ऐकलं तवा मनात म्हनलं, चला, कारन मलाच घरी जायचं हुतं.

फेटा मी बांधायची. कोल्हापुरी फेटा, दर शनिवारी, दोन टोकं मी धरायची आन हे गरागरा फिरायचे, गुडघा दुखायचा तर मी फिरायची. माइकवर हे मराठीत बोलायचे, लोकांना वाटायचं शाप देतोय, बायका पोरांचे कान झाकायच्या, आन बोलायचे काय, तर पाढे. बावीस एके बावीस, बावीस दुने चव्वेचाळीस, डोळे वटारून, बोट रोखून. मी घरी टीव्हीवर बगून हसायची. एकदा एकोनतीसच्या पाढ्यात चुकले तर आल्यावर मी म्हनलं, मालक, एकोनतीस साती दोनशे तीन. तवा लई हसलो आमी दोघं. तसे दिवस थोडे, पन हुते.

पन जिमचा एक नेम हुता. त्या काळी लोकांना ती कुस्ती खरी वाटायची, म्हनून वाईट मानसानं भाईर बी वाईटच ऱ्हायचं. दुकानात कुनाकडं बगून हसायचं न्हाई, कुनाला दार धरायचं न्हाई, चांगल्या गड्याबरबर एका टेबलावर चा प्यायचा न्हाई. आन बायकोपोरं दाखवायची न्हाईत, एक म्हंजे खेळाचा रंग जातो, आन दुसरं, लोक घरापातुर येत्यात. आले बी. गाडीचे टायर फाडले, एकदा पार्किंगमधी एका म्हातारीनं ह्यांच्या दंडात सुई खुपसली, टाचनी न्हवं, गोधडी शिवायची असती तेवढी सुई. म्हातारी, माझ्या आजीएवढी. हे तिला काय बोलले न्हाईत, रक्त पुसलं आन गाडीत बसले. म्हनून आमी कवाच एकत्र चाललो न्हाई. मी दुकानात आधी शिरायची, हे धा मिनटांनी, दोन वेगळ्या गाड्या ढकलत, एकमेकाकडं न बगता. मी तांदळाच्या पिशवीपाशी थांबले की ह्यांनी समजायचं जड हाय, मंग ते ती पिशवी आपल्या गाडीत टाकायचे. असा संसार.

मानसं न्हवती का, हुती की. तवा आमी ह्यूस्टनच्या अंगाला ऱ्हायचो, शुगर लँडला मराठी डॉक्टर, इंजिनेर लोक हुते. तुमचं न्हवं, तिकडचं मंडळ. मी गनपतीला एकटी गेले, लेकीला कडेवर घिऊन, माया तवा दोन वर्सांची. आरती झाली, परसाद झाला, आन एक डॉक्टरीनबाई मला बाजूला घिऊन गेल्या. मायाच्या बाळंतपनाला त्याच हुत्या, म्हनून मी कुनाची बायको ते त्यांना ठावं हुतं. चांगल्या बाई हुत्या, वाईट म्हननार न्हाई मी. म्हनाल्या, पार्वतीताई, आमची मुलं शाळेत जातात, तिथं त्यांना हालाहाला म्हणून चिडवतात. तुमच्या यजमानांनी आपल्या देशाचं काय करून ठेवलंय. राग मानू नका, पण पुढच्या वेळी नका येऊ. मी म्हनलं बरं. राग कसा मानायचा, खोटं काय हुतं त्यात? गाडी येईस्तवर भाईर कट्ट्यावर बसले, मायाच्या मुठीत मोदक हुता, तिनं मला भरवला. घरी यिऊन ह्यांना सांगितलं का? न्हाई सांगितलं. डोकं दुखतंय म्हनलं.

आता शाळंचं सांगते. त्या दिवशी घरी काय झालं ते मी मायाला बी लई वर्सं सांगितलं न्हाई, आन तिथंच माझं चुकलं.

माया नऊ वर्सांची. शाळंत नाटुकलं हुतं, तिला चार वाक्यं हुती, म्हैनाभर घरात तीच चार वाक्यं. बाप म्हनला मी येनार. मी म्हनलं नगा. न्हाई, म्हनले, टोपी घालतो, शेवटच्या रांगंत बसतो, कोन बगतंय. मी पुढं बसले, हे मागं. माया स्टेजवर आली, पैलं वाक्य म्हनली, दुसरं म्हनली, आन मागनं एक बाप्या वरडला, ए, तो बग हालाहाला! सगळी वळली. कुनीतरी थंड प्यायचा पेला फेकला, ह्यांच्या छातीवर फुटला. दोन गडी उठून अंगावर चालले, तू हितं पोरांच्यात काय करतोस म्हनून. आन माया वर उभी, तोंड उघडं, तिसरं वाक्य येईना. तिनं बगितलं बापाकडं. बास, एक शब्द बोलायचा हुता, ती माझी पोरगी हाय. त्यांनी काय करावं? उठले, टोपी फेकली, डोळे वटारले, बोट रोखलं सगळ्या हॉलवर, आन पाढे म्हनत, गुरगुरत भाईर निघून गेले. लोक बू करत ऱ्हायले. माझ्या लेकीनं तिसरं वाक्य म्हनलंच न्हाई, आन त्या दिवसापासनं बापाला बाबा म्हनली न्हाई. मोठी झाल्यावर म्हनायची, ही वुड नॉट स्टॉप, आई, ईव्हन फॉर मी. माझ्यासाठी बी थांबला न्हाई.

घरी आल्यावर हे न्हानीत बसले हुते, वला शर्ट तसाच. म्हनले पारू, मी जर म्हनलो असतो ती माझी, तर उद्या त्या पोरांनी पेला तिच्या अंगावर फेकला असता. माझ्यावर फेकू दे, मला सवय हाय. आन तिला सांगू नगंस, तिला मंग माझी दया यील, त्यापरीस राग बरा. मी म्हनलं बरं. जन्मभर मी बरंच म्हनत आले बगा.

मंग काळ बदलला, छोटे खेळ बंद पडले, ह्यांचं काम सुटलं. आमी हिकडं अर्विंगला आलो, मी शाळेच्या स्वैपाकघरात लागले हुते. मला वाटलं आता तरी मानसात बसू. तर ह्यांची हसायची सवयच मोडलेली. शेजारी हाय म्हनला की हे मान फिरवायचे. मी म्हनायची अवो आता कोन बगत न्हाई, हसा की. प्रयत्न करायचे, पन जमायचं न्हाई, उगंच दात दिसायचे आन समोरचा दचकायचा. घरात पडदे वढले की मंग मोकळे. तीन वर्सांमागं गेले. झोपेत न्हाई, दवाखान्यात, धा दिवस काढून. माया आली, सगळं नीट केलं, डोळ्यात पानी न्हाई. चौथ्या दिवशी परत गेली. ती तिकडं पेन्सिल्वेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात, युनिव्हर्सिटीत शिकवती.

वर्सानं एक फोन आला. एका कुस्ती कंपनीचा मानूस, म्हनला डॅलसला मोठा खेळ हाय, तुमच्या मिस्टरांचा मरनोत्तर सन्मान करायचाय, घरच्या कुनीतरी रिंगमधी यायला पायजे. मी मायाला फोन केला. ती म्हनली, आई, दे मेड अ मॉन्स्टर आउट ऑफ हिम, सावळा मानूस, फेटा, विष, आन लोकांना सांगितलं ह्याला घरी हाकला, आन तू त्याची पाटी घ्यायला जाणारेस? आय ॲम नॉट कमिंग. मला तिचं म्हननं पटत हुतं. पटत हुतं म्हनूनच रडू आलं.

गेले एकटीच. नऊवारी नेसले, नेसायला दोन तास गेले, हात पुरत न्हाईत आता. तिथं अर्ल भेटला, ह्यांचा वाईट गडी, साडेसहा फुटी राक्षस म्हनून नाचायचा, आता चाकाच्या खुर्चीत. त्यानं माझा हात धरला, म्हनला, मॅम, घाबरू नका, काय झालं तरी खाली बगू नका. नाव पुकारलं, महाराजा हलाहल. आन काय सांगू तुमाला, तेवढा मोठा हॉल, सगळ्यांनी बू केलं. मी रिंगमधी उभी, म्हातारी बाई, आन सगळी मानसं मला बू करत्यात. मी मान खाली घातली. वाटलं मेल्यावर बी सोडंनात. अर्ल खालनं वरडला, वर बगा! मी वर बगितलं, तर लोक उभे ऱ्हायलेले, बू करत्यात आन रडत्यात, टोप्या काढलेल्या. तवा कळलं, त्यांच्याकडं ह्याच्यापरीस मोठं दुसरं कायच न्हवतं त्या मानसाला द्यायला. मी हात जोडले. तशी आनखी जोरात बू.

खाली आल्यावर एक जन आला, पन्नाशीचा, मोठं पोट, टोपी हातात. म्हनला, मॅम, माझा बाप माझ्याशी कवा बोलायचा न्हाई. पन शनिवारी आमी दोघं एका कोचावर बसून तुमच्या नवऱ्याला शिव्या घालायचो. बापाबरबर मी तेवढंच केलं. थँक यू म्हनायचं हुतं. मी थँक यू म्हनलं. मनात आलं, तुझा बाप तुला मिळाला बाबा, आमच्या पोरीचा गेला.

दुसऱ्या दिवशी फोन करून मायाला शाळंचं सगळं सांगितलं, न्हानीतलं, वला शर्ट, हे काय म्हनले ते. ती म्हनली, व्हाय डिडन्ट यू टेल मी देन, आई? मी म्हनलं त्यांनी सांगू नको म्हनलं हुतं. ती म्हनली, ही इज डेड नाऊ. आय कान्ट डू एनीथिंग विथ धिस नाऊ. खरंच हाय. मी चाळीस वर्सं एक शब्द पोटात ठिवला, आन दिला कवा, तर घेनारीला उपेग न्हाई तवा. आठ दिवसांनी तिचाच फोन, बाबांचा साधा फोटो हाय का, फेटा नसलेला? बाबांचा म्हनली. मी पेट्या उचकटल्या. शेकड्यानं फोटो, सगळ्यात फेटा आन दात विचकलेले. शेवटाला पासपोर्टवरचा एक मिळाला, चौकोनी, बारका, तरना गडी, घाबरलेला. तो पाठवला. मिळाला म्हनून मेसेज आला, बाकी काय न्हाई. रविवारी फोन करती, काय जेवलीस इचारती. मी दुसरं काय इचारत न्हाई.

आता हितं अर्विंगला म्हनाल तर मराठी मानूस पावलापावलाला. दुकानात गेलं की पुन्याची, नागपूरची पोरं, यार ह्ये घे यार त्ये घे करत असत्यात, मी डाळीच्या फळीपाशी उगंच उभी ऱ्हाते ऐकत. एखादी मावशी म्हनती, पिशवी उचलून देती. हालाहाला कोन हे कुनाला ठावं न्हाई. एवढी वर्सं मी कुनाची बायको हाय हे लपवत जगले, आता लपवायला बी कोन उरलं न्हाई, सांगायला बी न्हाई. तुमी इचारलंत म्हनून बोलले. ल्हिताना जे ल्ह्यायचं ते ल्हिवा, मला वाचता यील एवढ्या मोठ्या अक्षरात तेवढं छापा. जावा आता, हायवेला गर्दी हुईल. सुखानं ऱ्हावा, बाई.