करडू हिरव्यात, नातू पिवळ्यात

आयाबायांनो, सरपंच, गावकरी मंडळी. माईक माझ्या हातात पहिल्यांदाच आलाय. कीर्तनातबी मी मागं बसनारा मानूस. काय बोलावं, सुचत न्हाई. पन सगुनाबाईंसाठी मी आज बोललो न्हाई, तर माझी शेळीसुद्धा मला माफ करनार न्हाई.

हसा, हसा. बाईंना चालायचं.

आपल्या अंगनवाडीच्या बाई. पोरांसाठी पिठाची पाकिटं यायची. बाई हातात द्यायच्या आनि बजावायच्या, शिजवून लेकरालाच घाला. आमी काय करायचो? आज तरी खरं सांगा. कुनी म्हशीला घालायचं, कुनी शेळीला. माझी शेळी तर पाकिटाचा आवाज आला की दावं तोडायची. आनि माझा नातू, सार्थक? त्याला मी टपरीवरची बॉबी द्यायचो. तीन वर्षांचं पोर, रोज दोन पाकिटं. मला वाटायचं, किती लाड करतो मी.

एक दिवस बाई दारात. खांद्यावर लेकरांचं वजन करायचा काटा. म्हनलं, सार्थकचं वजन करायला आल्या. त्यांनी काटा लिंबाला टांगला आनि झोळीत माझं करडू घातलं.

गल्ली गोळा झाली. करडू वरडतंय, बाई शांतपने वहीत वजन लिहितायत. मग त्याच झोळीत सार्थक. मग तक्ता उघडला. हिरवं म्हंजे वजन चांगलं, पिवळं म्हंजे कमी, हे तुमाला ठावं हाय.

"आबा," बाई म्हनल्या, "करडू हिरव्यात हाय. नातू पिवळ्यात. पाकीट कुनी खाल्लं ते मी इचारत न्हाई."

मंडळी, मला तोंड लपवायला जागा उरली न्हाई. लई राग आला. घरात गेलो, सार्थकचा दंड हातात धरून बघितला, आनि राग कुठं गेला कळलं न्हाई. माझ्या दोन बोटांत मावत हुता तो दंड.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला अंगनवाडीत बसवलं. खिचडीसाठी शेवग्याचा पाला निवडायला. मी म्हनलो, हे बायकांचं काम. त्या म्हनल्या, शेळीला निवडून घालताच की.

निवडला. रोज निवडला. पन पोरं ताटातला पाला बोटानं बाजूला काढायची. मग बाईंनी मलाच पंगतीत बसवलं, सार्थकच्या शेजारी. मला पाला आवडत न्हाई हो. तरी गिळला. आबा खातोय म्हनल्यावर पोरगं खायला लागलं. वर्ष गेलं, पन पोर हिरव्यात आलं. बाईंनी एवढंच इचारलं, आबा, आता शेळी काय खाती?

परवा बाई गेल्या. त्यांचा मान म्हनून आपन अंगनवाडी बंद ठेवली. काल तिकडनं चाललो हुतो, तर पोरं ताटल्या घेऊन पायरीवर बसलेली. सार्थकबी. म्हनलं, घरी चल, बाई न्हाईत आता. तो म्हनला, "मग पाला तुमी निवडा, आबा."

बाई, चुकलं आमचं. मान द्यायचा म्हनून तुमची पोरं उपाशी ठेवली.

आज सकाळीच पाला निवडलाय. मदतनीस ताईनं खिचडी चढवलीय. आता सगळ्यांनी उभं राहायचं, बाईंसाठी दोन मिनिटं गप. दोनच मिनिटं बरं का, जास्त न्हाई. पोरं ताटावर बसलीत.